बंद नाही, नुसतं हल्लू

काचीगुडा, हैदराबाद
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. भामास,

ताईचे आशीर्वाद. रागावली असलीस तरी ते घ्यावे लागतात, परत करायची सोय नाही. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजींचा खोकला उतरला, बोलणं मात्र चढलेलंच आहे. गॅलरीत बसून स्टेशनात उशिरा येणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतात. सायली सून होऊन पुण्याहून आली तेव्हा भाजीवाल्याशी इंग्रजीत बोलायची, आठवतं? परवा दारात उभी राहून त्याला म्हणत होती, "क्या भय्या, कैकू इत्ता महंगा देरे?" मी आत तोंडात पदर धरून हसत होते.

सोबत डबा पाठवते आहे. गोंगुऱ्याच्या पाल्याची चटणी आहे, वरून लसणाची फोडणी. समोरच्या बिल्डिंगीला शेवटी लिफ्ट बसली. बसली आणि दुसऱ्याच दिवशी मध्ये अडकली. असो.

रविवारी विद्यानगरला तुझ्याकडे आले होते, ते बोलणं अर्धवटच राहिलं. मी हातांनी सांगायला सुरुवात केली आणि तू डोळे मिटून घेतलेस. ऐकू येणाऱ्या माणसाशी भांडताना निदान ओरडता तरी येतं. तू डोळे मिटलेस की समोरचं माणूस मुकं. मी तशीच हात हवेत धरून बसले, मग निवलेला चहा प्यायले आणि ऑटो करून घरी आले. लहानपणीही तू हेच करायचीस. तेव्हा मी बोटांनी तुझ्या पापण्या उघडायचे. आता पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पापण्या कोण उघडणार? मोबाइलवर निरोप पाठवले तर तू वाचतेस, दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून हे पत्र. बहिऱ्यांच्या शाळेत तुला बाकी सगळं शिकवलं, पण मराठी मी पाटीवर गिरवून घेतलं होतं, त्याचा काही उपयोग होऊ दे.

आता ओमकारबद्दल. तो बरा आहे. म्हणजे आजारी नाही. पण जेवताना ताटाकडे बघत नाही, आणि फोन वाजला की दचकतो. इंटरनेटची कंपनी काढली तेव्हा हाच मुलगा स्वतः खांबावर चढून वायर ओढायचा आणि वरून मला हात करायचा. मी खालून ओरडायचे की आधी दोन्ही हातांनी धर. आता जमिनीवर उभा आहे तरी मला तशीच धडकी भरते.

त्याचा धंदा मला जेवढा कळतो तेवढा सांगते. बाहेरून येणारी मोठी वायर एक, आणि काचीगुड्यापासून विद्यानगरपर्यंतची त्याची सगळी गिऱ्हाइकं तिच्यावर. संध्याकाळी सगळी घरं एकदम उघडतात. कुणाची मॅच, कुणाची रील्स, कुणाच्या ऑफिसची मीटिंग. शिवाय आता दारोदार कॅमेरे बसलेत, ते एकसारखे चित्र बाहेर पाठवत राहतात. सगळ्यांना सारखं दिलं तर सगळ्यांचंच अडकतं आणि शिव्या ओमकारला. म्हणून दसऱ्यापासून त्याने क्रम लावून दिला. साधं बोलणं पहिलं. ऑफिसांच्या आणि शाळांच्या मीटिंगा चालतात ती ठरावीक ॲप्स त्यामागून. मग सिनेमे. आणि ज्या घरातून तासन्‌तास एकसारखं चित्र बाहेर जातं, ती लाइन सगळ्यात शेवटी. असं चित्र म्हणजे कॅमेराच असणार, आणि रिकाम्या पार्किंगचं चित्र थोडं अडखळलं तर कुणाचं काय बिघडतं, असा त्याचा हिशेब.

मला तो पटला होता, भामा. अजूनही पुष्कळसा पटतो. जामबागेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा सगळा वर्ग एकदम बोलायला लागला की मीही म्हणायचे, ज्याचं काम महत्त्वाचं तो आधी बोलेल. कुणाचं महत्त्वाचं ते मीच ठरवायचे, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

पण संध्याकाळी तुझ्या घरातून दोन तास चित्र बाहेर जातं, आणि तेही त्याच्या यादीत नसलेल्या तुझ्या त्या फुकटच्या ॲपवरून. तुझे हात, तुझा चेहरा, आवाज मात्र नाही. पलीकडे तुझ्या वर्गाला खेड्यापाड्यातली बहिरी मुलं बसलेली असतात, हे मशीनला कोण सांगणार? मशीनने तुला पार्किंग समजून शेवटी बसवलं.

दिवाळीत तू मला सांगितलंस, तेव्हाच मी ओमकारच्या कानावर घातलं. (बघ, तुला लिहितानाही ही कानांची भाषा सुटत नाही.) तो म्हणाला, "हौ आई, बघतो." गर्दीत राहून गेलं असेल. त्यानंतर तू सरळ दूरसंचार खात्याकडे तक्रार केलीस. सरकारचा नियम आहे म्हणे, की कंपनीने अमुक चांगलं, तमुक फालतू असं निवडून हळू करायचं नाही. गर्दीच्या वेळेपुरती मुभा असते, असं ओमकार म्हणतो. पण दसऱ्यापासून रोजच गर्दी आहे, हे खात्याला कसं सांगायचं ते त्यालाही सुचत नाही.

रविवारी मी तुला जे म्हणाले आणि तू डोळे मिटलेस, ते वाक्य मुळात माझं नव्हतं. ओमकारचं होतं. घरात रोज ऐकून माझ्या हातात बसलं. "आई, लाइट घे ना, एवढं मनावर नको घेऊ. बंद नाही केलं कुणाचं. नुसतं हल्लू केलं."

मुद्द्यावर येते. हे पत्र ओमकारने लिहायला सांगितलं आहे. पहिल्याच ओळीत सांगून मोकळी होईन असं ठरवून बसले होते, आणि लिफ्टपर्यंत जाऊन आले. खात्याची नोटीस आली आहे. त्यातच एक मोठी कंपनी ओमकारची कंपनी माणसांसकट चालवायला घेणार आहे, बोलणी पुरी झाली आहेत. खात्यात तक्रार पडलेली दिसली तर ते मागे फिरतील. वायर ओढणारी, गिऱ्हाइकांचे फोन घेणारी, सगळी मुलं त्याच्या जिवावर आहेत. तुझी लाइन त्याने कालच मोकळी केली. "मावशीला स्पेशल करून टाकलं," म्हणाला. आता तू तक्रार मागे घ्यावीस, एवढंच त्याचं म्हणणं आहे. सोमवारी, २४ तारखेला, त्या कंपनीला उत्तर द्यायचं आहे, त्याच्या आत.

माझं म्हणणं काय, ते विचारू नकोस. मला मुलगा एकच आहे आणि बहीणही एकच आहे, आणि तुम्ही दोघं मला मध्ये उभं करून निघून गेलात.

डोळे उघड, एवढंच मागते.

तुझी
ताई


विद्यानगर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ताईस नमस्कार.

चटणी पोचली. लसूण जास्त आहे.

लाइन मोकळी झाली तेही कळलं. मंगळवारच्या वर्गात सगळी मुलं लख्ख दिसली. एक सोडून.

तुझं पत्र पूर्ण वाचलं. त्यात भावजींचा खोकला आहे, लिफ्ट आहे, ओमकारची माणसं आहेत. माझी मुलं एका वाक्यात आहेत. म्हणून त्यांतल्या एकीबद्दल लिहिते.

तन्वी आठ-नऊ वर्षांची आहे. भैंशाच्या पुढच्या एका खेड्यात राहते. आईवडील मायेचे आहेत, पण त्यांना हातांनी बोलता येत नाही. जेव, झोप, ये, एवढंच घरात चालतं. पोरगी दिवसभराचं सगळं साठवून ठेवते आणि संध्याकाळी मला सांगते. शेळीने काय केलं, आजी कुणाला ओरडली, आभाळ गडगडलं की सगळे वर का बघतात. गडगडतं म्हणजे काय ते मलाही माहीत नाही, असं मी तिला सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली होती.

तुमचा आवाज तुटला तर तुम्ही हॅलो हॅलो करता आणि पुन्हा विचारता. आमचं चित्र तुटलं तर तुटलेलं लगेच कळत नाही. हात मध्येच थिजतो, पुढचा भाग गळून जातो आणि राहिलेल्या तुकड्याचा भलताच अर्थ होतो. ऑक्टोबरभर माझे अर्धे शब्द मुलांना पोचले आणि त्यांचे अर्धे मला. मोठी मुलं टाइप करतात. लहानांना अजून लिहिता येत नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या वर्गात तन्वीने मला काहीतरी विचारलं. मला दिसलं ते एवढंच, की तिचं बोट कपाळाकडे गेलं. ती माझ्या नावाची खूण, कपाळावरच्या मोठ्या टिकलीवरून मुलांनीच ठेवलेली. मग चित्र थिजलं. पुन्हा हललं तेव्हा ती उत्तराची वाट बघत होती. मला वाटलं, नुसती हाक मारते आहे. मी हसून मान हलवली, हो. ती तशीच बघत राहिली आणि चित्र परत थिजलं. त्या दिवसापासून ती वर्गात आलेली नाही.

मी कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही, ताई. तिच्या वडिलांना मी मेसेज पाठवले, त्यांचं उत्तर नाही. फोन मला करता येत नाही. नंबर खाली लिहिते आहे. तुला कान आहेत, तू कर.

ओमकारवर माझा राग नाही. तो माझ्याकडे आला की बोलण्याआधी माझ्या खांद्याला हात लावतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण खात्याकडे जायच्या आधी मी त्याच्याच कंपनीच्या ॲपवर पुन्हा पुन्हा तक्रार लिहिली होती. दर वेळी उत्तर आलं, तक्रार सोडवली आहे. काय सोडवलं, ते त्याच्या ऑफिसात जाऊन विचार.

मी मागे घेणार नाही. माझी लाइन मोकळी झाली, कारण मी मावशी आहे. ओमकारच्याच वायरवर आणखी बहिरी घरं आहेत, काही मला माहीत आहेत, काही नाहीत. तीही संध्याकाळी आपल्या माणसांशी हातांनी बोलतात. त्यांना भाचा नाही. त्यांनी कुणाची मावशी व्हायचं?

डोळे उघडे आहेत.

भामा


काचीगुडा
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय भामास,

या वेळी खोकला आणि लिफ्ट नाही. सरळ लिहिते.

तन्वी सुखरूप आहे. हे आधी वाच, बाकीचं नंतर.

काल सायलीला घेऊन ओमकारच्या ऑफिसात गेले. तो बाहेर गेलेला होता. तक्रारींच्या टेबलावर प्रशांत म्हणून मुलगा बसतो, गुणी आहे, माझ्यासाठी लगेच खुर्ची पुसली. मी विचारलं, विद्यानगरच्या भामाबाईंची तक्रार तुम्ही सोडवली म्हणजे काय केलंत? म्हणाला, "अम्मा, कम्प्लेंट आयी तो हम फोन करते. कस्टमर उठाया नै तो क्लोज करते. ये मॅडम कित्ते बार भी करो, उठातेच नै." सायलीने विचारलं, शेवटचा फोन कधी केला? "परसोंच किया ना, मॅडम." सायली चिडली. परवा तर लाइन मोकळी होती, मग फोन कशाला केलात म्हणून त्याला धारेवर धरलं. मला मध्ये पडावं लागलं. अगं, आपल्याकडे परसों म्हणजे परवा नव्हे, मागे पडलेला कुठलाही दिवस. त्याचा तो परसों दिवाळीच्याही आधीचा निघाला.

मग मी त्याला सांगितलं, बाळा, त्या बाईंना ऐकू येत नाही. त्याने तोंडावर हात ठेवला. "मेरेकू क्या मालूम, अम्मा," असं पुटपुटत राहिला. त्याला तरी काय बोलणार? बहिरी बाई फोन उचलत नाही म्हणून तिची तक्रार मिटली, आणि हे सगळं आपल्याच घरच्या कंपनीत. मला आधी हसू आलं आणि मग त्याच्या टेबलापाशीच रडू आलं. सायलीने पाणी आणून दिलं.

घरी येऊन तू दिलेल्या नंबरावर फोन केला. तन्वीच्या वडिलांनीच उचलला. मी तुझं नाव सांगितलं तर म्हणाले, "बाई, शाळा बंद झाली म्हणं की. तुमच्या मास्तरीणबाईनंच सांगितलं पोरीला."

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुम्हाला?

"पोरगीच दाखवायली ना. कपाळाला बोट लावायली, अन् मग दोन्ही हात मिटायली, पुस्तक मिटावं तसं. कितीदा इचारलं तरी तेच करायली."

फोनवर मला काय दिसणार? तरी ते दोन्ही हात मला स्वच्छ दिसले. कपाळाला बोट, म्हणजे तू. मिटलेले हात, म्हणजे बंद. चित्र रोज अडखळत होतं, हल्लू होत होतं, पोरीने बिचारीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि तुलाच विचारलं, भामाबाई, बंद? आणि तू हसून हो म्हणालीस.

तुझा यात काही दोष नाही, हे आधी लिहिते, कारण तू हे वाचून लगेच स्वतःला बोल लावशील. तुझ्यापर्यंत अर्धाच प्रश्न आला. उरलेला अर्धा ओमकारच्या मशीनमध्ये पार्किंगच्या चित्रांमागे रांगेत उभा होता.

वडिलांना मी सांगितलं, वर्ग चालू आहे, रोज आहे. त्यांना बरं वाटलं, पण पुढचं ऐक. वर्गच नाही म्हणून थोरल्या मुलाने तो मोबाइल निजामाबादला नेला. नंबराचं कार्ड आता वडिलांच्या साध्या डबडा फोनात आहे, पण व्हॉट्सॲप त्या मोबाइलवरच राहिलं, म्हणून तुझे मेसेज गेले ते सगळे त्या मुलाकडे. आणि पोरगी रिकामी बसते म्हणून येत्या सोमवारी तिला मामाकडे धाडताहेत, तिथे तान्हं मूल आहे, ते सांभाळायला. मी म्हटलं, अहो, तिला सांगा की वर्ग आहे. ते म्हणाले, "सांगितलं की, बाई, आत्ताच, तुम्ही बोलायल्या तवाच. मोबाइलसारखा हात धरून दाखवला. तिला काय समजंना. डोळेच मिटून घेती."

मी फोन ठेवला आणि तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

ओमकार घरी आल्यावर त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी शाळेतला, मराठी अक्षर लावत वाचतो, म्हणून मीच वाचलं. तन्वीचं ऐकताना त्याने वाजणारा फोन उलटा करून ठेवला. "कुणाची मावशी व्हायचं" हे आलं तेव्हा उठून उभा राहिला. "आई, मी काय घराघरात जाऊन विचारू, तुमच्यात कोण बहिरे आहेत का?" मी म्हटलं, विचारायचं नसेल तर हळूही करू नकोस. तो म्हणाला, मग सगळ्यांचंच अडकेल. आणि भामा, इतके दिवस मला जे सुचत नव्हतं ते तिथे उभ्या उभ्या तोंडातून निघालं. म्हटलं, अडकू दे. सगळ्यांचं थोडंथोडं अडकलं तर सगळे मिळून ओरडतील आणि तुला मोठी वायर घ्यावी लागेल. तू एकाच कोपऱ्याचं हळू केलंस, म्हणून तो ओरडा तुझ्यापर्यंत आलाच नाही. ज्यांचं अडकलं त्यांना ओरडता येत नव्हतं.

तो म्हणाला, "तू बोलून मोकळी झालीस. सोमवारी ते लोक नाही म्हणाले तर प्रशांतच्या घरी तू जाऊन सांगशील?" मग त्याने विचारलं, तू कुणाच्या साइडला आहेस? मी म्हटलं, तन्वीच्या. तो न जेवताच आत गेला. आज सकाळपासून त्याला माझ्याशी बोलायचं असलं की सायलीला सांगतो, आणि मी त्याच खोलीत बसलेली असते. सायलीने आज त्याला ऐकवलं, तुमच्या आईला ऐकू येतं.

मला भीती वाटते, भामा. लिहायला लाज कशाची? ती मोठी कंपनी मागे फिरली तर या मुलाचं काय होईल, तो माझ्याकडे पुन्हा सरळ बघेल की नाही, प्रशांत उद्या कुठे जाईल, सगळ्याचीच भीती वाटते. देवापुढे बसते तर मंत्र विसरते. तुझे भावजी म्हणतात, होईल सगळं ठीक. त्यांचं नेहमीचं आहे, त्यांना उशिरा आलेली गाडी सोडून कशाचीच काळजी नसते.

पण काय करायचं ते ठरलं आहे. शनिवारी सकाळी आपण दोघी काचीगुड्याहून गाडी धरू, बासरला उतरू आणि पुढे भैंशाची बस. तन्वीच्या वडिलांना मी आम्ही दोघी येतो असं कळवलं आहे, ते बसस्टँडवर येतील. सोमवारच्या आत तिला भेटायला हवं. मोठ्यांशी मी बोलेन, मोबाइल परत आणवायचं बघेन, मामालाही समजावेन. तन्वीशी तू बोल. तिच्यासमोर बस आणि डोळे उघडेपर्यंत थांब. आम्हा कुणालाही ते जमणारं नाही. पाणी आणि डबा मी घेते. लसूण कमी घालते.

तक्रार मागे घेऊ नकोस. सायलीने चौकशी केली, त्याच तक्रारीत आणखी एका ग्राहकाचं नाव जोडता येतं म्हणे. माझं जोड. काचीगुड्याची आमची लाइनही त्याच वायरवर आहे आणि तुझ्याशी बोलायचं तर मलाही चित्रच लागतं, तेव्हा अडलेली मीही आहे, यात खोटं काही नाही. मजकूर तू लिही, तुझं मराठी माझ्यापेक्षा धारदार आहे. गाडीत सही करीन. कंपनीशी नातं काय, असं तिथे कुणी विचारत नाही, सायलीने पाहिलं. तरी नावाखाली ते स्पष्ट लिही. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीने लपवलं, आणि ओमकारने तो कागद वाचला तर त्याला कळू दे की हे मी कोण म्हणून केलं. असं लिही:

चारुलता नामदेवराव,
ओमकारची आई